'पुढे चला'वाल्याच्या खिशातलं अर्धं कार्ड

मित्रांनो, मी बँकेचं एक जुनं सोनेरी कार्ड आहे. पूर्ण नाही, अर्धं. माझा दुसरा अर्धा भाग बस थांब्याजवळच्या कचरापेटीतून कुठे गेला, देव जाणे. मी लाँड्रीच्या गल्ल्याशेजारी एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. सोबतीला पुष्कळ बटणं आहेत, एक गंजलेली किल्ली आहे, जोडी हरवलेलं एक कानातलं आहे आणि कुठल्यातरी लहान मुलाचा पडलेला दुधाचा दात आहे. डब्याचं झाकण उघडलं की मला वाटतं, आता कुणीतरी सांगेल की तिकडे काय झालं. कुणी सांगत नाही. डब्याला कोण सांगणार?

जीव अगदी टांगणीला लागला आहे. गप्प बसवत नाही, म्हणून माझी कहाणी तुम्हाला सांगतो. फक्त एक करा, मध्येच "पुढे, पुढे" म्हणू नका. त्या शब्दाने माझे दोन तुकडे केले आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या प्लॅस्टिकवर सोनेरी मुलामा चढवतात, पोटात एक चकचकीत चिप बसवतात आणि छातीवर आकडे उठवतात. माझ्या छातीवर लाँड्रीवाल्या अक्कांचं नाव उठलं. मग मला पाकिटात घालून त्यांच्या दुकानात धाडलं. अक्कांनी ओले हात एप्रनला पुसले आणि मला कोपऱ्याला धरून उजेडात फिरवलं.

"अगं बाई! खरं सोनं आहे का हो हे?"

"मुलामा आहे," त्यांचे यजमान म्हणाले. "आपल्या लग्नातल्या अंगठीसारखा."

अक्का खळखळून हसल्या. मीही मनात हसलो. घर चांगलं मिळालं म्हटलं.

आता या यजमानांची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे घडलं. ते निवृत्त बस कंडक्टर. सगळा जन्म गर्दीच्या बसमध्ये उभं राहून "पुढे चला, पुढे चला" ओरडण्यात गेला. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. कुणी बोलायला लागलं की अर्ध्या वाक्यात यांचं "हं, पुढे!" ठरलेलं. डॉक्टरांनी औषध समजावायला घेतलं तरी "पुढे". गिऱ्हाईक डाग कसला ते सांगायला लागलं तरी "पुढे". गल्लीतली पोरं त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे 'पुढेचला'. माणूस मात्र लाखातला. अक्कांचे पाय दुखायला लागले तेव्हा ओल्या चादरींच्या बादल्या उचलायचं काम त्यांनी न बोलता स्वतःकडे घेतलं.

मी घरात आलो तेव्हा पॉइंट म्हणजे काय ते अक्कांना ठाऊक नव्हतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार मापावर मूठभर जास्त टाकतो ना, तसंच ते. माझ्यावर खरेदी केली की बँक थोडे पॉइंट अक्कांच्या नावावर टाकायची. भरपूर साठले की त्यातून विमानाचं तिकीट निघतं, हे त्यांना शेजारच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून अक्कांनी ध्यासच घेतला.

कारण त्यांची एकुलती एक लेक समुद्रापार होती. तिथल्या इस्पितळात ती नर्स होती आणि जावई मालवाहू जहाजावर होता. म्हणजे वर्षातले बरेचसे महिने लेक एकटीच. तिकडचं तिकीट साध्यासुध्या कमाईत बसणारं नव्हतं. लाँड्रीत पैसा यायचा आणि साबण, वीज, भाडं यांत विरून जायचा.

मग माझी चाकरी सुरू झाली. साबणाची पोती माझ्यावर, विजेचं बिल माझ्यावर. अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गल्लीत कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की त्या म्हणायच्या, "माझं कार्ड न्या, पैसे मला रोख द्या. तुमचं काही जात नाही, माझे पॉइंट वाढतात." मास्तरीणबाईंचा फ्रिज मी आणला. गॅरेजवाल्याची टायरं मी आणली. फुलवालीच्या नातवाचा चष्मासुद्धा मीच आणला. दुकानांतून लोक म्हणायचे, "वा, सोनेरी कार्ड!" मी ताठ व्हायचो. एकदा अक्कांच्या एप्रनमधून थेट धुलाईच्या मशिनमध्ये गेलो आणि गरगर फिरून बाहेर आलो, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. ती माझी भरभराटीची वर्षं होती.

दर महिन्याला साबणवाल्याला फोन करून अक्का माझ्या पाठीवरचे तीन आकडे सांगायच्या. गाणं म्हटल्यासारखे सांगायच्या, एका दमात. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आणि आता मधली एक गोष्ट सांगतो. मध्यंतरी लेकीला दिवस गेले होते. ते मूल राहिलं नाही. लेकीचा फोन आला तेव्हा अक्का इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. पॉइंट तेव्हाही होते, पण फक्त जाण्यापुरते. "परतीचे झाले की निघते गं बाळा," त्या म्हणाल्या. पलीकडून लेक म्हणाली, "चालेल आई." चालणार होतं का मित्रांनो? मुळीच नाही. पण अक्का पॉइंट साठवत राहिल्या, लेक तिकडे एकटी रडत राहिली, आणि तो महिना निघून गेला तो गेलाच.

यंदा पुन्हा दिवस गेले. या वेळी डॉक्टरांनी लेकीला बिछान्यावरून उठायचं नाही अशी ताकीद दिली. जहाज दूर होतं, जावयाला येता येत नव्हतं. "आई, मला भीती वाटते गं," लेक म्हणाली. अक्कांनी छातीवर हात ठेवला. "आले बघ मी. आता जाण्याचेही आहेत आणि परतीचेही. नववा लागायच्या आत तुझ्या उशाशी असेन."

हे सगळं जुळून आलं होतं, आणि नेमका तेव्हाच बँकेचा संदेश आला. माझी वर्षाची फी वाढली होती. सोनेरी मुलामा फुकट मिळत नाही, त्याची फी असते, आणि ती भरायची तारीख जवळ आली होती.

"एवढी फी?" काका उडालेच. "अगं, एवढ्यात तुला तिकडच्या थंडीसाठी चांगला कोट येईल! आपण हे कार्ड साधं करून घेऊ. बिनफीचं. गॅरेजवाल्याने तसंच केलंय. नंबर तोच राहतो म्हणे."

"करा की," अक्का म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत साबणात होते.

मी टेबलावर पडलो होतो. साधं होण्याचं मला दुःख झालं, खोटं कशाला बोलू? सोन्याचं पितळ होणार म्हणजे काय! पण अक्कांना कोट मिळणार असेल तर जाऊ दे मेला मुलामा, असंही वाटलं. मला काय कल्पना, काय वाढून ठेवलंय!

काकांनी बँकेला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अक्कांनी लांबूनच आपलं नाव आणि जन्मतारीख सांगितली. मग म्हणाल्या, "बाई, बाकीचं ह्यांच्याशी बोला. मी म्हणते ते आणि हे म्हणतात ते एकच."

बँकेतली मुलगी शांतपणे सांगू लागली. "साहेब, कार्ड साधं होईल, फी लागणार नाही. फक्त एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या खात्यावर जमलेले जे पॉइंट आहेत…"

"हो हो, आहेत. पुढे."

"ते आधी वापरून घेतले नाहीत तर…"

"कळलं हो बाई! पुढे चला."

"साहेब, मला वाक्य पूर्ण करायला हवं. कार्ड बदललं की ते सगळे…"

"आमच्याकडे दुकानात माणसं उभी आहेत. पुढचं बोला!"

अहो काका, थांबा! तिला बोलू द्या! मी ओरडत होतो मित्रांनो, पण प्लॅस्टिकला कुठला आवाज? मुलीने एका दमात "ते सगळे बुडतील" असं म्हटलं. नेमकं तेव्हाच काका गिऱ्हाइकाकडे वळून "तुमच्या दोन पँटी ना?" असं विचारत होते. मग तिने विचारलं, "तर आपली संमती आहे?"

"आहे म्हणजे? शंभर टक्के!"

झालं. खेळ खलास. ती पुढे म्हणाली, "नवीन कार्ड हातात आल्यावर जुनं कापून…" तेही वाक्य त्यांनी पूर्ण होऊ दिलं नाही. फोन ठेवला, कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि मला मधोमध कापलं. नवीन यायची वाटसुद्धा पाहिली नाही! दुखतं का, असं विचाराल. दुखलं. पण खरं दुःख पुढच्या विचाराचं होतं. अक्कांचे पॉइंट मेले होते, आणि ते या घरात फक्त मला ठाऊक होतं.

काका भारी सावध. दोन्ही तुकडे एका जागी टाकले तर चोर जोडेल म्हणून एक तुकडा बस थांब्याजवळच्या पेटीत टाकला. दुसरा, म्हणजे मी, पुढच्या पेटीत टाकायचा म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सदरा मशिनमध्ये गेला आणि त्याच्याबरोबर मीही. आता या लाँड्रीत अक्कांचा एक नियम आहे. खिशातून निघालेलं काहीही फेकायचं नाही, मग ते तुटकं बटण का असेना. "आपल्याला कचरा वाटतो, पण एखाद्याचा जीव त्यात अडकलेला असतो," त्या म्हणायच्या. म्हणून मशिन झाडणाऱ्या बाईने मला उचललं आणि न बघता या डब्यात टाकलं.

डब्यात पडल्या पडल्या मी बाहेरचं सगळं ऐकत होतो. अक्का गुणगुणत होत्या. बॅग काढून पुसत होत्या. मास्तरीणबाईंना म्हणत होत्या, "परवा येते हं, तुमच्या कॉम्प्युटरवर तिकीट काढू." त्यांचा तो आनंदी आवाज ऐकून माझ्या जिवाची काहिली होत होती. हसू नका अक्का. बॅग भरू नका. काही राहिलं नाही हो!

तो दिवस उजाडला. सकाळीच लेकीचा फोन आला. तिला इस्पितळात दाखल करून घेतलं होतं, ठरल्यापेक्षा बरंच आधी. आवाज बारीक झाला होता. "आई, कधी निघतेस?" "आजच तिकीट काढते," अक्का म्हणाल्या आणि मास्तरीणबाईंच्या घरी जवळजवळ धावतच गेल्या.

परत आल्या त्या चालत. दुकानात शिरल्या आणि कुणाकडे न बघता इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मास्तरीणबाई मागोमाग आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, खात्यावर एकही पॉइंट नाही," अक्का म्हणाल्या. "त्या बँकेतल्या मुलीने तुम्हाला पॉइंटचं काही सांगितलं होतं का?"

"सांगत होती काहीतरी."

"मग?"

काकांनी हातातली बादली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी म्हटलं, पुढे."

अक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक उशीचा अभ्रा घेतला आणि त्यावर इस्त्री फिरवली. मग पुन्हा फिरवली. एकच अभ्रा, पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाल्या, "सगळा जन्म तुमचं 'पुढे चला' ऐकलं. आता सांगा, मी कुठे जाऊ पुढे? पोरगी तिकडे एकटी पडलीय हो!" आणि तिथेच खाली बसून त्यांनी हंबरडा फोडला.

काकांचा चेहरा पार उतरला. पण त्यांनी फोन उचलला. पलीकडे बँकेचं ते न संपणारं संगीत लागलं. हा माणूस, जो चहा गार होईपर्यंत थांबत नसे, कानाला फोन लावून उभा राहिला तो उभाच. शेवटी एक मुलगी बोलली. काका म्हणाले, "पोरी, तू सावकाश बोल. मी सगळं ऐकतो." आणि खरंच ऐकलं. मध्ये एक शब्द नाही.

तिने सांगितलं ते असं. कार्ड बदलण्याची विनंती आज बँक बंद होण्याआधी मागे घेता येईल, वाढलेली फी भरावी लागेल, आणि जुन्या कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे सांगावे लागतील. "कार्ड समोर आहे ना साहेब?"

"कापलं," काका म्हणाले. "एक तुकडा फेकला. एक खिशात…"

अक्का ताडकन उठल्या. "खिशात? कुठल्या खिशात?"

झाकण उघडलं. डबा इस्त्रीच्या टेबलावर पालथा झाला. बटणं घरंगळली, किल्ली खणखणली, दात टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. मी बटणांच्या ढिगाखाली होतो. काकांनी घाईघाईत ढीग बाजूला सारला आणि त्यासोबत मलाही सारलं! मी टेबलाच्या टोकाला गेलो. आणखी एक धक्का, की खाली गटाराच्या जाळीत. मी इथे आहे हो! इथे, तुमच्या कोपरापाशी! एवढा टाहो मी जन्मात फोडला नव्हता.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "घाई करू नका." त्यांनी एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली. आणि त्यांचं बोट माझ्यावर आलं.

पाठीवर दोन आकडे स्वच्छ होते. तिसरा मात्र कात्रीने अर्धा नेला होता. तीन म्हणावा तर तीन, आठ म्हणावा तर आठ. "चुकलं तर आज पुन्हा प्रयत्न करता येणार नाही," फोनवरची मुलगी म्हणाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आठच वाटतोय." अक्कांनी डोळे मिटले. मग साबणवाल्याला सांगायच्या त्याच चालीत, एका दमात, पहिले दोन आकडे म्हणाल्या आणि तिसरा आपसूक जिभेवर आला. "तीन!"

तीनच होता, मित्रांनो. माझ्या पाठीवर होता, मला ठाऊक नसेल?

कोटाचे पैसे फीमध्ये गेले. जी फी चुकवायला हा सगळा खटाटोप, तीच भरली. पॉइंट परत आले, पण सगळे नाही. फार जुने होते ते या गोंधळात बुडाले, ते परत देता येत नाहीत म्हणे. उरले ते फक्त जाण्यापुरते.

अक्का मास्तरीणबाईंच्या फोनच्या पडद्याकडे बघत राहिल्या. पुन्हा तेच. फक्त जाण्याचे. पूर्वी जिथे अडल्या होत्या, तिथेच येऊन उभ्या. आता पुन्हा "परतीचे झाले की निघते" म्हणाल्या तर?

तेवढ्यात काका बोलले. "तू नीघ. परतीचं मी बघतो."

"कुठून बघणार तुम्ही?"

"बादल्या उचलेन, इस्त्री करेन, लोकांच्या दारातून कपडे आणेन. अगं, सगळा जन्म परक्या माणसांना तिकिटं फाडून दिली. बायकोला एक परतीचं देता येणार नाही होय मला?"

अक्का निघाल्या. मास्तरीणबाईंनी आपला कोट त्यांच्या अंगावर घातला. मला पुन्हा डब्यात ठेवलं, झाकण लागलं. अक्का विमानात बसल्या असतील, उतरल्या असतील, पोचल्या असतील की नसतील? लेक कशी असेल? तिचं बाळ? काकांनी तेव्हापासून इस्त्री करताना दोन सदरे जाळले आणि एका साहेबांची पँट दुसऱ्या साहेबांना दिली. कुणी रागावलं तर नुसते ऐकून घेतात. फोन वाजत नाही. मी बटणांमध्ये पडून फोनची वाट बघतो आहे. यापेक्षा कात्री बरी होती.

थांबा. फोन वाजला!

"हॅलो? अगं तू! बोल." दुकानात माणसं उभी आहेत. कुणीतरी म्हणतं, "काका, जरा लवकर." काका हात वर करून त्यांना थांबवतात. पलीकडून अक्का बोलत आहेत, आणि त्या त्यांच्या पद्धतीने अगदी सुरुवातीपासून सांगत आहेत. विमानात शेजारी कोण होतं. बॅग कशी उशिरा आली. इस्पितळाचा जिना कसा सापडेना. पूर्वीचे काका असते तर कधीच "पुढे" म्हणाले असते.

"हं," ते म्हणतात. "सांग. सावकाश सांग. मी कुठे जात नाही."

अक्का सांगतात. रात्रभर लेकीचं काही खरं नव्हतं. डॉक्टर धावत होते. शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिला हात शोधला तो आईचा, आणि हात तिथे होता. मुलगी झाली आहे. इवलीशी आहे, अजून काचेच्या पेटीत ठेवली आहे, पण श्वास तिचा तिने घेतला आहे.

काका खाली बसले आहेत. "पुन्हा सांग," काका म्हणतात. "सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मित्रांनो, माझं काय, मी आता अर्धं कार्ड. कुठल्याही दुकानात माझी किंमत शून्य. आमच्यासारख्यांना जपून वापरा, फी भरायची की नाही ते नीट विचार करून ठरवा, घाईने कात्री उचलू नका, एवढं तर सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. ज्याच्यासाठी साठवता आहात, त्याने हाक मारली की साठलं असेल तेवढं घेऊन निघा. परतीचं मागून बघता येतं. आणि समोरचं माणूस बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.